गाडी राहिली, वही कुणाकडे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एखादा कारखाना बंद पडला की आपण कामगारांविषयी बोलतो, थकलेल्या देण्यांविषयी बोलतो, जमिनीचं काय होणार याविषयी तर फारच बोलतो. पण त्या कारखान्यातून आधीच बाहेर पडलेल्या वस्तूंविषयी सहसा कुणी बोलत नाही. त्या तर लोकांच्या घरी असतात, चालू असतात. त्या किती होत्या, कुठे गेल्या, कुठल्या वस्तूला कुठला भाग बसवला होता, हे लिहिलेली वही मात्र कारखान्याबरोबर कुलपात जाते. आज मी अशाच एका वहीबद्दल बोलणार आहे. गाडी आहे अमेरिकेतली, विजेवर चालणारी, आणि तीही डांबरी रस्ता सोडून दगडधोंड्यांतून, चिखलातून पळवायची मोटरसायकल.

माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या, कविता लिहिणाऱ्या माणसाचा या विषयाशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध भाच्यामुळे आला. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा कॅलिफोर्नियात नोकरी करतो. त्याला या गाड्यांचं वेड आहे. सुटीच्या दिवशी फोन केला की तो ख्यालीखुशालीच्या आधी गाडीच सांगतो. ‘मामू, आज आणखी दोन नंबर सापडले,’ असं तो एकदा म्हणाला, तेव्हा मला वाटलं हा लॉटरी खेळायला लागला की काय! मग त्याने समजावून सांगितलं, आणि मला त्यात आकड्यांच्या पलीकडचं काहीतरी दिसायला लागलं.

एका गाडीची सात-आठ वर्षं

२०१० साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डेरेक डॉरेस्टीन, जेफ सँड आणि मार्क फेनिगस्टीन या तिघांनी एक कंपनी काढली. सुरुवातीचं नाव बीआरडी. पुढे ते बदलून ‘आल्टा मोटर्स’ झालं. सॅन फ्रान्सिस्कोला दक्षिणेकडून लागून ब्रिस्बेन नावाचं छोटं गाव आहे (ऑस्ट्रेलियातलं ब्रिस्बेन वेगळं, बरं का). तिथे त्यांनी कारखाना थाटला. गाडीचं नाव ‘रेडशिफ्ट’.

मोटोक्रॉस हा खेळ आपल्याकडेही आता बऱ्याच जणांनी पाहिलेला आहे. मातीचे उंचवटे, त्यावरून हवेत झेपावणाऱ्या गाड्या आणि कानठळ्या बसवणारा आवाज. रेडशिफ्टला तो आवाजच नव्हता. गिअर नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. बॅटरी ५.८ किलोवॅट-तासांची. आपल्या वीजबिलाच्या भाषेत सांगायचं तर पावणेसहा युनिटांहून किंचित जास्त वीज पोटात घेणारी. पण तिचा दाब होता सुमारे ३५० व्होल्ट, म्हणजे घरातल्या प्लगपेक्षा बराच जास्त. वजन १२० किलोंच्या आसपास आणि ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. पेट्रोलच्या २५० सीसी गाड्यांशी शर्यतीत टक्कर द्यायची, हा तिचा हेतू होता. २०१८ मध्ये ऑस्ट्रियातल्या एर्ट्सबर्ग इथल्या लोखंडाच्या खाणीत होणाऱ्या, भल्याभल्यांचा घाम काढणाऱ्या शर्यतीतही ती उतरली.

गाड्या २०१६ पासून ग्राहकांच्या हाती पडू लागल्या. किंमत सुरुवातीला १५ हजार डॉलरच्या घरात होती. ती पुढे बरीच खाली आणली गेली. मार्च २०१८ मध्ये हार्ले-डेव्हिडसनसारख्या जुन्या कंपनीने आल्टामध्ये पैसे गुंतवल्याचं जाहीर केलं. सगळ्यांना वाटलं, आता या पोराला मोठा पालक मिळाला. पण ते नातं त्याच वर्षात तुटलं, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये आल्टाने काम थांबवलं. २०१९ च्या सुरुवातीला कॅनडाच्या बीआरपी या कंपनीने आल्टाचे हक्क आणि काही मालमत्ता विकत घेतली, पण रेडशिफ्ट पुन्हा बनवण्याचा आपला विचार नाही हेही सांगून टाकलं. बीआरपीने पुढे २०२४ मध्ये आपल्या कॅन-अॅम या नावाने विजेच्या वेगळ्या मोटरसायकली बाजारात आणल्या. रेडशिफ्टच्या मालकांना त्याचा उपयोग नव्हता.

गाड्या मात्र धावत होत्या. विजेच्या मोटरीत फिरणारे भाग थोडे असतात, त्या लवकर झिजत नाहीत. म्हणजे यंत्र धडधाकट आणि घराणं संपलेलं, अशी ही स्थिती होती. तेव्हा काही मालकांनी ठरवलं, आपण निदान मोजू तरी, आपण किती जण आहोत. माझा भाचा त्यातला एक. त्याने ओळखीच्या आणि ओळखीतून ओळख निघालेल्या मालकांकडून माहिती गोळा करून एक तक्ता तयार केला.

‘किती’ या शब्दाचे तीन अर्थ

किती गाड्या बनल्या, हा प्रश्न साधा वाटतो. पण ‘किती’ या एका शब्दात तीन निरनिराळे आकडे दडलेले असतात. पहिला, कारखान्यात बनलेल्या गाड्या. दुसरा, कारखान्यातून विक्रेत्यांकडे रवाना झालेल्या. तिसरा, विक्रेत्याकडून ग्राहकाच्या घरी गेलेल्या. हे तीन आकडे कधीच सारखे नसतात.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. दर महिन्याच्या सुरुवातीला वर्तमानपत्रात बातमी येते की अमुक कंपनीने इतक्या लाख दुचाकी विकल्या. वाहन उत्पादकांची ‘सियाम’ ही संघटना जे आकडे देते, ते मुख्यतः विक्रेत्यांकडे पाठवलेल्या गाड्यांचे असतात. विक्रेत्यांची ‘फाडा’ ही संघटना वेगळे आकडे देते. ते असतात आरटीओत नोंद झालेल्या, म्हणजे खरोखर गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेल्या गाड्यांचे. दिवाळीच्या आधी पहिला आकडा फुगतो आणि दिवाळीत दुसरा. मधल्या काळात गाड्या शोरूमच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असतात. ज्याला हा फरक माहीत नाही, त्याला दोन्ही बातम्या वाचून वाटतं, यातलं कोणीतरी खोटं बोलतंय. खोटं कोणीच बोलत नसतं. प्रत्येक जण वेगळ्या दारात उभा राहून मोजत असतो.

आता गंमत पाहा. आपल्या दुचाकीची निदान आरटीओत नोंद असते. सरकारच्या ‘वाहन’ या व्यवस्थेवर अशा नोंदींचे आकडे कोणालाही पाहता येतात. पण मोटोक्रॉसची गाडी रस्त्यावर आणायचीच नसते. तिला दिवा नसतो, इंडिकेटर नसतो, नंबरप्लेट नसते. तिची जी काही नोंद असते ती रस्त्यावरच्या गाडीसारखी सगळीकडे, एका साच्यात होत नाही. म्हणजे तिसरा दरवाजाच धड जाग्यावर नाही. किती विकल्या हे सांगू शकेल अशी एकच जागा उरते, कंपनीची वही. आणि तीच बंद झाली.

त्यात आणखी एक गुंता. कारखाना थांबला म्हणून विक्री त्याच दिवशी थांबत नाही. दुकानात उरलेल्या गाड्या पुढेही विकल्या जातात. त्यामुळे गाडीचं साल आणि खरेदीचं साल यांचं जुळत नाही. एखादा मालक मनापासून सांगतो, ‘माझी गाडी २०१९ ची,’ कारण त्याच्या पावतीवर २०१९ लिहिलेलं असतं. तेव्हा माणसाच्या आठवणीपेक्षा गाडीच्या अंगावर कोरलेलं जास्त भरवशाचं.

सतरा अक्षरांची ओळ

गाडीच्या अंगावर कोरलेलं असतं ते म्हणजे चेसिस नंबर. आपल्या आरसी बुकातही तो असतो, पण विम्याचा कागद भरताना सोडला तर आपण त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. हा १७ अक्षर-अंकांचा साचा अमेरिकेत १९८१ सालच्या गाड्यांपासून सक्तीचा झाला आणि पुढे जगभर रुळला. नुसत्या रस्त्याबाहेरच्या गाड्यांवरही बहुतेक उत्पादक हाच साचा वापरतात.

ही सतरा चिन्हं म्हणजे एक लहानशी कुंडलीच आहे. पहिली तीन चिन्हं सांगतात गाडी कोणत्या देशातली, कोणत्या उत्पादकाची. त्यातही बारकावा असा, की वर्षाला हजाराहून कमी गाड्या बनवणारा छोटा उत्पादक असेल तर अमेरिकेत तिसऱ्या जागी ९ हा आकडा येतो. म्हणजे कारखाना लहान होता की मोठा, तेही नंबरच सांगून टाकतो. चौथ्यापासून आठव्यापर्यंतची चिन्हं गाडीचा प्रकार सांगतात. दहावं चिन्ह साल सांगतं. २०१६ साठी जी, २०१७ साठी एच, २०१८ साठी जे. एचनंतर आय यायला हवा होता, तो गाळला आहे. कारण आय, ओ आणि क्यू ही अक्षरं या साच्यात वापरतच नाहीत. आय एकसारखा दिसतो, ओ शून्यासारखा, आणि क्यूही त्याच गोंधळातला. जुन्या मराठी वळणात ‘खाना’ की ‘रवाना’ असा घोटाळा व्हायचा, त्यातलाच हा प्रकार. अकरावं चिन्ह कारखान्याचं, आणि शेवटचे आकडे त्या गाडीचा अनुक्रमांक.

मला सगळ्यात आवडलं ते नववं चिन्ह. त्याला स्वतःचा अर्थच नाही. ते फक्त पहारा करतं. बाकीच्या सोळा चिन्हांना ठरलेल्या आकड्यांनी गुणायचं, बेरीज करायची, तिला ११ ने भागायचं, आणि जी बाकी उरेल ती नवव्या जागी लिहायची. बाकी १० आली तर एक्स लिहायचा. नंबर उतरवून घेताना कुठेतरी एक आकडा चुकला की ही बाकी जुळत नाही. आम्ही कवी मंडळी वेगळं काय करतो? सोळा मात्रांच्या पादाकुलकात एके ठिकाणी पंधराच पडल्या, की शब्द कोणता चुकला ते कळायच्या आधी कान टोचतो. भाच्याला कोणी फोनवर नंबर सांगितला की तो आधी ही बाकी जुळवून पाहतो. जुळली तरच वहीत.

न पाहिलेल्या गाड्या मोजणं

समजा, अशा चाळीस-पन्नास गाड्यांचे नंबर मिळाले. त्यावरून एकूण किती बनल्या हे कसं कळणार? इथे मला माझं लहानपण उपयोगी पडलं.

मिरजेत माझ्या अब्बांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. तासावर सायकल मिळायची. प्रत्येक सायकलीच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेला असे आणि गल्ल्यावर एक जाड वही असे. नंबर, नाव, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात ‘चेन नवी’, ‘घंटी नाही’ असे शेरे. आता कल्पना करा, एखाद्या परक्या माणसाला ती वही न पाहता अब्बांकडे किती सायकली आहेत ते शोधायचंय. तो स्टेशन रोडला उभा राहिला. त्याला ३, ११, १९ आणि २७ या नंबरांच्या चार सायकली दिसल्या. सायकली निदान २७ तरी आहेत हे उघड आहे. पण नेमकी शेवटचीच सायकल त्याच्यासमोरून गेली असेल, हे संभवत नाही. मग अंदाज असा करायचा. २७ पर्यंतच्या नंबरांत त्याला ४ दिसल्या, २३ दिसल्या नाहीत. म्हणजे दिसलेल्या प्रत्येक सायकलीमागे सरासरी पावणेसहा न दिसलेल्या. तेवढंच अंतर शेवटच्या नंबरापुढेही असावं असं धरलं, तर २७ मध्ये पावणेसहा मिळवून उत्तर येतं ३३ च्या आसपास.

हा नुसता पोरखेळ नाही. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या गणितज्ञांनी पकडलेल्या आणि मोडून पडलेल्या जर्मन रणगाड्यांच्या भागांवरचे क्रमांक घेऊन जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवते याचा अंदाज याच मार्गाने केला होता. ऑगस्ट १९४२ साठी हेरांच्या बातम्यांवरून काढलेला आकडा होता १,५५०. गणितज्ञांचा होता ३२७. युद्ध संपल्यावर जर्मन दप्तरं उघडली तेव्हा खरा आकडा निघाला ३४२. ऐकीव बातमी साडेचारपट फुगलेली, आणि भंगारातले नंबर जवळपास खरं बोललेले!

रेडशिफ्टच्या बाबतीत हीच रीत वापरता येते, पण तिच्या मर्यादा ध्यानात ठेवून. अनुक्रमांक एकपासूनच सुरू झाला होता हे कशावरून? दर वर्षी तो पुन्हा नव्याने सुरू केला असेल तर? आणि सगळ्यात मोठी अडचण, नंबर पाठवतात ते हौशी मालक. ज्याची गाडी गोदामात धूळ खात पडली आहे, तो कुणाला नंबर कळवायला बसलाय? मिरजेचा तो परका माणूस जर फक्त सिनेमा थिएटरसमोर उभा राहिला असता, तर त्याला रात्रीच्या शोला जाणाऱ्या सायकलीच दिसल्या असत्या. म्हणून भाचा एकूण आकडा छातीठोकपणे सांगत नाही. ‘निदान इतक्या’ एवढंच सांगतो. मोजणाऱ्याच्या अंगी ही सबुरी हवी.

कुठल्या गाडीला काय बसवलंय?

आतापर्यंत नुसत्या संख्येविषयी बोललो. खरं महत्त्व आहे ते अब्बांच्या वहीतल्या त्या शेवटच्या रकान्याला, शेऱ्यांच्या रकान्याला.

रेडशिफ्टचे मुख्य प्रकार चार. ‘एमएक्स’ ही मोटोक्रॉसची, दिव्यांशिवायची. ‘एमएक्सआर’ ही तिचीच जास्त ताकदीची बहीण, ५० अश्वशक्तीची, झपाट्याने चार्ज होणारी. ‘ईएक्स’ला दिवे, इंडिकेटर आणि नंबरप्लेटची सोय, म्हणजे जंगलातून निघून रस्त्याने घरी येता येईल अशी. आणि ‘एसएम’ला लहान चाकं आणि डांबरी रस्त्याचे टायर. सांगाडा आणि बॅटरीची कल्पना एकच, पण चाकं वेगळी, सस्पेन्शन वेगळं, दात्यांची चक्रं वेगळी. त्यावर पुन्हा मालकाने आपल्या वजनाप्रमाणे स्प्रिंग बदललेल्या असतात, हँडल बदललेलं असतं.

कंपनी चालू असते तेव्हा हा तपशील हौसेचा विषय असतो. कंपनी बंद झाली की तो गरजेचा होतो. कारण आता सुटा भाग मिळण्याची मुख्य जागा म्हणजे दुसरी रेडशिफ्ट. कोणाची गाडी अपघातात मोडली, तर तिच्या सांगाड्यातून चार गाड्यांना चार भाग मिळू शकतात. पण कोणता भाग कोणाला चालेल, हे माहीत असलं तरच. बॅटरीचं तर विचारू नका. ३५० व्होल्टचा तो बंद डबा कुठल्याही कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने उघडायचा नाही. जीव जाईल. शिवाय लिथियमची बॅटरी वापरली तरी आणि नुसती ठेवली तरी वयाबरोबर थोडी थोडी उतरते. म्हणून भाच्याच्या तक्त्यात गाडीच्या नंबराबरोबर बॅटरीचा वेगळा नंबर, चार्जरचा प्रकार, आणि गाडीच्या नियंत्रकात भरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, हे तिन्ही रकाने आहेत. एका गाडीची बॅटरी दुसरीत गेली तर तेही तिथे दिसतं.

या तक्त्याचा उपयोग त्याने स्वतःच अनुभवला. काही वर्षांपूर्वी तो आणखी एक जुनी गाडी बघायला गेला. विकणारा म्हणाला, ही एमएक्सआर आहे. वरचं प्लॅस्टिक, स्टिकर, सगळं तसंच होतं. किंमतही त्या मानाने सांगितली होती. भाच्याने खाली वाकून नंबर वाचला. तक्त्यातल्या सगळ्या एमएक्सआरच्या नंबरांत ज्या जागी एक ठराविक चिन्ह यायचं, त्या जागी इथे वेगळंच होतं, साध्या एमएक्सचं. विकणाऱ्यालाही बहुधा माहीत नसावं. त्याने ती तशीच कुणाकडून तरी घेतलेली. भाच्याने त्याला तक्ता दाखवला, दोघांनी मिळून किंमत पुन्हा ठरवली, आणि सौदा झाला. तो विकणारा माणूस आता स्वतः नंबर गोळा करून पाठवत असतो.

एक पथ्य मात्र तो पाळतो. पूर्ण नंबर, मालकाचं नाव, गाव, यातलं काहीही तो चारचौघांत मांडत नाही. पूर्ण नंबर चोराच्या हाती लागला तर चोरीच्या गाडीला दुसऱ्याची ओळख देता येते. आणि गाडी चोरीला गेली, तर तिचा खरा नंबर कुठेतरी लिहून ठेवलेला असणं हाच मालकाचा आधार. नंबरप्लेट नसलेल्या गाडीला दुसरी ओळख कुठून आणणार? उघडी ठेवायची ती संख्या, झाकून ठेवायचा तो माणूस, हे पथ्य मला फार शहाणपणाचं वाटलं.

आता पर्याय फोनमध्ये

ही एका संपलेल्या कंपनीची गोष्ट झाली. पण याच खेळातली आजची गाडी पाहिली की हा प्रश्न जुना झालेला नाही हे लक्षात येतं. स्पेनमधल्या बार्सिलोनाजवळच्या ‘स्टार्क फ्युचर’ या कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये ‘वार्ग’ नावाची विजेची मोटोक्रॉस गाडी जगापुढे आणली. वार्ग म्हणजे स्वीडिश भाषेत लांडगा. तेव्हा जाहीर केलेलं वजन होतं ११० किलो, बॅटरी ६ किलोवॅट-तासांची, आणि ताकद ६० किंवा ८० अश्वशक्ती, पैसे द्याल तशी. मागणी नोंदवतानाच गिऱ्हाइकाने स्वतःचं वजन सांगायचं, त्याप्रमाणे स्प्रिंग बसणार. मागचा ब्रेक पायाशी हवा की हाताशी, तेही सांगायचं. आधी पैसे भरून नाव नोंदवायचं आणि वाट पाहायची, अशी पद्धत असल्यामुळे गाडी बनायच्या आधीच हजारो मैलांवरच्या लोकांना तिच्या रांगेची उत्सुकता लागली होती.

या लांडग्याचा आपल्या देशाशीही धागा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये रॉयल एनफिल्ड बनवणाऱ्या आयशर मोटर्सने स्टार्क फ्युचरमध्ये ५ कोटी युरो गुंतवण्याचं जाहीर केलं आणि १० टक्क्यांहून थोडा अधिक वाटा घेतला. म्हणजे बुलेटच्या फटफटीवर पोसलेल्या कंपनीने न फटफटणाऱ्या गाडीत पैसे टाकले.

वार्गमध्ये फरक असा, की गाडीचा स्वभाव फोनवरून बदलता येतो. ताकद किती सोडायची, उतारावर मोटरने किती ओढून धरायचं, हे बोटाने ठरवायचं. म्हणजे पूर्वी जे पर्याय लोखंडात होते, चक्र बदला, स्प्रिंग बदला, त्यातले कितीतरी आता सॉफ्टवेअरमध्ये गेले. लोखंडातला बदल डोळ्यांना दिसतो आणि पान्याने उलटा करता येतो. सॉफ्टवेअरमधला बदल दिसत नाही. तिथे चेसिस नंबर वाचूनही गाडीचं खरं रूप कळेलच असं नाही. पर्याय जितके अदृश्य, तितकी वही नीट ठेवण्याची गरज जास्त, आणि तितकीच ती एका कंपनीच्या हाती एकवटण्याची शक्यताही जास्त.

युरोपने हे ओळखलेलं दिसतं. युरोपीय संघाने २०२३ मध्ये बॅटऱ्यांविषयी जो कायदा केला, त्यात विजेच्या वाहनांच्या बॅटरीला ‘पासपोर्ट’ देण्याची तरतूद आहे आणि त्यासाठी फेब्रुवारी २०२७ ही मुदत घातली आहे. बॅटरीवरचं चौकोनी ठिपक्यांचं चिन्ह फोनने टिपलं की ती कुठे बनली, कशाची बनली याची माहिती मिळावी, अशी ही कल्पना. म्हणजे मडगार्डवरचा पांढरा नंबर आणि शेऱ्याचा रकाना, दोन्ही एकत्र.

आपल्याकडे मोटोक्रॉसच्या गाड्या थोड्या, पण विजेच्या स्कूटर आता गल्लीगल्लीत आहेत. त्या बनवणाऱ्या सगळ्याच कंपन्या वीस वर्षं टिकतील, असं कोणीही सांगू शकणार नाही. धंद्यात काही तगतात, काही जातात, त्यात वावगं नाही. पण गाडी घेताना आपण रंग विचारतो, एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते विचारतो, हप्ता विचारतो. त्याच वेळी बॅटरीचा नंबर, ती बनल्याचा महिना, चार्जरचा प्रकार आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती एका कागदावर लिहून घ्यायला पाच मिनिटं लागतात. सर्व्हिसिंगला काही बदललं तर तीही तारीख टाकावी. हा कागद आरसी बुकाबरोबर ठेवावा. गाडी विकताना तो पुढच्या माणसाला द्यावा.

भाच्याच्या तक्त्यात एक रकाना मला आधी समजला नव्हता. त्याचं शीर्षक नुसतं ‘चालू’ असं आहे, आणि त्यापुढे तारीख. ही गाडी अमुक दिवशी चालू होती, असं मालकाने कळवलं की ती तारीख पडते. काहींपुढे गेल्या महिन्याची तारीख आहे, काहींपुढे तीन-चार वर्षांपूर्वीची. जुनी तारीख दिसली की तो त्या मालकाला दोन ओळी लिहितो, गाडी कशी आहे, काही भाग हवाय का. कधी उत्तर येतं, कधी येत नाही. उत्तर आलं की तारीख बदलते, आणि त्या दिवशी मला फोन येतो.